आधी माप, मग पार्ट: कस्टम बाईकचे वेगळे सुटे भाग कमी पैशांत कसे मिळवावेत

कस्टम बाईकसाठी म्हणून विकला जाणारा मोठा गोल हेडलाइट आणि जुन्या कारमधून निघालेला गोल हेडलाइट शेजारी ठेवून मोजले, तर अनेकदा दोन्ही ७ इंच, म्हणजे साधारण १७८ मिलिमीटर भरतात. अमेरिकी कारवर १९४० पासून हे माप रूढ झालं आणि आजही त्या मापाचे दिवे बनतात. हँडलचा व्यास, बेअरिंग, चेन, आरशाचे आटे यांचंही तसंच आहे. गाड्या दिसायला कितीही वेगळ्या असल्या तरी आतली मापं मोजकीच आहेत. गाडीच्या नावाने पार्ट शोधला तर थोडे आणि महाग पर्याय हाती लागतात. मापाने शोधला तर मोपेड, एटीव्ही (खडबडीत रस्त्यांवरची चारचाकी बाईक), ट्रॅक्टर, बोट, जुनी कार अशा सगळ्यांचे पार्ट तुमच्यासाठी खुले होतात.

पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही

खरेदीच्या आधी पार्टची यादी करा आणि तिचे दोन भाग पाडा. ब्रेक, स्टिअरिंग, ॲक्सल, टायर, चेन, हँडल आणि त्याचे क्लॅम्प हे एका बाजूला. टाकी, सीट, मडगार्ड, साइड पॅनल, आरसे, ग्रिप, फूटरेस्ट, सायलेन्सरचं कव्हर हे दुसऱ्या बाजूला. गाडीला वेगळेपण देणारे जवळजवळ सगळे पार्ट दुसऱ्या भागात येतात, आणि जुन्यात स्वस्त मिळतात तेही हेच. शोधाशोध इथे करा.

पहिल्या भागातही बचत होते, पण वेगळ्या रीतीने. कॅलिपरची (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाची) बॉडी, मास्टर सिलिंडरची (लिव्हरजवळच्या, ब्रेकचं तेल ढकलणाऱ्या पंपाची) बॉडी, हब म्हणजे चाकाचा मधला भाग, हे जुने चालतात. सील, पॅड, होज, बेअरिंग, टायर हे नवेच घ्यायचे. चांगल्या कंपनीचा जुना कॅलिपर आणि नवीन सील किट हा जोड कुठलाही शिक्का नसलेल्या स्वस्त नव्या कॅलिपरपेक्षा कितीतरी भरवशाचा. जुना टायर मात्र नक्षी कितीही खोल दिसली तरी तारीख बघितल्याशिवाय घेऊ नका. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तिथे तीनच आकडे असतील तर तो टायर २००० च्या आधीचा आहे, दुकानाच्या शोभेला ठेवण्यापुरता.

मापं घेताना

लागणारी हत्यारं थोडी आहेत: १५० मिलिमीटरचा डिजिटल व्हर्निअर, आट्यांची पिच (शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर) मोजायचं गेज, स्टीलची पट्टी आणि एक वही. वही हवीच. फोनमधले फोटो ऐनवेळी सापडत नाहीत.

हँडलपासून सुरुवात करा. क्लॅम्प बसतो तिथला व्यास २२ मिलिमीटर म्हणजे ७/८ इंच, २५.४ म्हणजे १ इंच, किंवा फॅट बारचा (मध्ये जाड असलेल्या हँडलचा) २८.६ मिलिमीटर असतो. फॅट बार टोकांना निमुळता होऊन पुन्हा २२ चाच होतो, म्हणून लिव्हर आणि स्विच तेच चालतात, बदलावे लागतात ते फक्त क्लॅम्प. १ इंची हँडलवर टोकंही १ इंचीच असतात आणि ग्रिप, लिव्हर, स्विच, थ्रॉटल सगळंच बदलावं लागतं. स्वस्तात मिळालेलं हँडल महाग पडतं ते बहुतेक वेळा इथे.

हँडल उंच केलं की क्लच केबल, थ्रॉटल केबल आणि ब्रेक होज तिन्हींची लांबी कमी पडू शकते. जुनी केबल ओढूनताणून बसवली तर हँडल एका बाजूला पूर्ण वळवल्यावर आरपीएम आपोआप चढतो किंवा क्लच अर्धवट सुटतो. म्हणून हँडल घेण्याआधीच जुन्या आणि नव्या हँडलच्या ग्रिपमधलं अंतर दोरीने मोजा आणि तेवढी जास्त लांबी केबलच्या हिशेबात धरा. सायकलची ब्रेक केबल दिसायला तशीच असली तरी तिची आतली तार १.५ ते १.६ मिलिमीटरच असते. बाईकच्या क्लचला ती वापरू नका.

आटे मोजताना नुसता व्यास पुरत नाही. एम१० चा बोल्ट १.०, १.२५ आणि १.५ अशा तीन पिचमध्ये मिळतो. बाईकच्या आरशांवर सहसा एम१० × १.२५ असतो, काहींवर एम८. यामाहाच्या बऱ्याच गाड्यांत उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, त्यामुळे तिथे साधा आरसा जोर लावून फिरवला की लिव्हरच्या बॉडीतले आटे जातात. ब्रेकच्या बँजो बोल्टमध्ये (होज जोडणाऱ्या पोकळ बोल्टमध्ये) हा घोळ जास्त धोकादायक आहे. जपानी गाड्यांवर सहसा एम१० × १.२५ आणि बऱ्याच युरोपियन ब्रेकवर एम१० × १.० असतो. चुकीचा बोल्ट पहिले दोन-तीन फेरे बसतोही, मग अडकतो. पान्याने रेटला की ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात आणि ब्रेक जोरात दाबला की तेल बाहेर येतं. कुठलाही बोल्ट निदान चार-पाच फेरे बोटांनीच फिरला पाहिजे. नसेल फिरत तर पिच चुकली आहे.

बेअरिंग मोजायची सहसा गरजच नसते, नंबर बोलतो. शेवटचे दोन आकडे आतला व्यास सांगतात: ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७ मिलिमीटर. ०४ पासून पुढे आकड्याला ५ ने गुणायचं, म्हणून ६००४ चा आतला व्यास २०. ६२०२ चं माप १५ × ३५ × ११, ६३०२ चं १५ × ४२ × १३. आतला व्यास सारखा, बाहेरचा वेगळा. दुसऱ्या गाडीचं चाक तुमच्या ॲक्सलवर बसवायचं असेल तर ही जादूची चावी आहे: बाहेरचा व्यास हबप्रमाणे आणि आतला ॲक्सलप्रमाणे असलेलं बेअरिंग तक्त्यात शोधायचं. रुंदी कमी पडली तर वॉशरसारखी रिंग लेथवर करून घेता येते. उलट, हब पोखरून मोठा करणं किंवा ॲक्सल घासून बारीक करणं हा मार्ग कधीच पत्करू नका. ऑइल सीलवरही माप छापलेलं असतं: ३० × ४२ × ७ म्हणजे आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी.

स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) आणि डिस्कसाठी बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी लागतो. चार किंवा सहा बोल्ट असतील तर समोरासमोरची भोकं मोजता येतात. तीन किंवा पाच बोल्टांत समोर भोकच नसतं. अशा वेळी शेजारच्या दोन भोकांमधलं मध्य-ते-मध्य अंतर घ्या आणि गुणा: तीन बोल्टांना १.१५५ ने, पाचांना १.७०१ ने. मध्य-ते-मध्य मोजायलाही सोपी युक्ती आहे. दोन्ही भोकं एकाच व्यासाची असतील तर एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, तेवढंच ते अंतर. पीसीडी जुळूनही काम फसतं ते दोन कारणांनी: मधलं मोठं भोक हबच्या उंचवट्यावर बसत नाही, किंवा स्प्रॉकेटचा ऑफसेट, म्हणजे दात आत-बाहेर किती सरकलेले आहेत ते, वेगळा असल्यामुळे चेन तिरकी जाते. विकणाऱ्याला ही दोन मापं आवर्जून विचारा.

चेनच्या नंबरातला पहिला आकडा चेनची पिच, म्हणजे शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर, सांगतो. ४२० आणि ४२८ ची पिच १२.७ मिलिमीटर, ५२०, ५२५, ५३० ची १५.८७५. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकाच नंबरचे हवेत. गिअरिंग बदलायचं असेल तर पुढचं स्प्रॉकेट बदलणं सगळ्यात स्वस्त पडतं. १४/४२ (पुढचे/मागचे दात) ऐवजी १५/४२ केलं की प्रमाण ३.० वरून २.८ वर येतं, म्हणजे पुढचा एक दात मागच्या जवळपास तीन दातांचं काम करतो. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून वेग घेत असेल तर त्यानंतर तो कमी वेग दाखवेल, हे मात्र लक्षात असू द्या.

पार्ट नंबर वाचायला शिका

कंपन्यांचे सुट्या भागांचे नकाशे, म्हणजे प्रत्येक भाग सुटा करून काढलेली चित्रं आणि त्याखालचे नंबर, इंटरनेटवर सहज बघायला मिळतात. होंडाच्या नंबरातले पहिले पाच आकडे पार्ट कोणता ते सांगतात, त्यानंतरची तीन चिन्हं तो मुळात कोणत्या मॉडेलसाठी बनला ते. यामाहात उलट आहे: पहिली तीन चिन्हं मॉडेलची, पुढचे पाच आकडे पार्टचे. म्हणून तुमच्या यामाहाच्या एखाद्या पार्टच्या सुरुवातीला तुमच्या मॉडेलचा कोड नसून भलताच कोड दिसला, तर तो पार्ट कंपनीने दुसऱ्याच गाडीवरून उचललेला आहे. त्या दुसऱ्या गाडीचे सुटे भाग भंगारात भरपूर असतील तर तुमचं काम झालं.

हा शोध उलटाही चालतो. पार्ट नंबर तसाच सर्च बॉक्समध्ये टाका, तो कुठल्या कुठल्या मॉडेलना लागतो त्याची यादी येते. लोकप्रिय, कस्टमवाल्यांच्या आवडत्या मॉडेलच्या नावाने तोच पार्ट महाग विकला जातो आणि कुणी ढुंकूनही न पाहणाऱ्या मॉडेलच्या नावाने स्वस्तात पडून असतो. यादीतलं सगळ्यात नावडतं मॉडेल निवडायचं आणि त्याच्या नावाने शोधायचं.

कुठे शोधावं

अपघातात सापडलेल्या गाड्या तोडणाऱ्यांकडे जाताना धडक कुठून बसली ते आधी विचारा. समोरून ठोकलेल्या गाडीची सीट, मागचं मडगार्ड, शॉकअप, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा, वरखाली हलणारा दांडा) सहसा धड असतं. मागून ठोकलेल्या गाडीचे पुढचे शॉकअप, हेडलाइट, मीटर मिळवावेत. पुढचं चाक घ्यायचं असेल तर नुसतं चाक उचलू नका. ॲक्सल, दोन्ही बाजूंचे स्पेसर, डिस्क, कॅलिपर आणि त्याचं ब्रॅकेट, स्पीडोमीटरचा ड्राइव्ह असा पूर्ण संच एकाच गाडीचा घ्या. सुटं चाक अर्ध्या किमतीत मिळतं आणि मग एकेका स्पेसरसाठी लेथवाल्याकडे चकरा माराव्या लागतात.

ऑनलाइन शोधताना बाईकचा विभाग सोडून बाहेर पडा. एटीव्हीचे पार्ट २२ मिलिमीटरच्या हँडलवरच बसतात, त्यामुळे लिव्हर, स्विच, थ्रॉटल तिथे वेगळ्या आकारांचे मिळतात. बोटींसाठीचे पाण्यापासून सुरक्षित स्विच आणि स्टेनलेस क्लॅम्प, ट्रॅक्टरचे गोल टेललाइट, जुन्या मोपेडचे लांबट हेडलाइट, ५¾ इंची दिव्यांच्या जुन्या चार-हेडलाइटवाल्या कार, या सगळ्यांतून असं काही हाती लागतं जे कॅटलॉगमधल्या कस्टम गाड्यांवर दिसत नाही. शब्दांऐवजी मापं टाका: ‘कस्टम शॉकअप’ लिहिण्यापेक्षा ‘शॉकअप ३३० मिमी, बुश १२ मिमी’. नावाचं स्पेलिंग चुकवूनही शोधा, कारण चुकीच्या स्पेलिंगने टाकलेल्या वस्तूंना गिऱ्हाईक कमी असतं.

फोटोवर विश्वास ठेवायचा नाही. विकणाऱ्याकडून पार्टवर व्हर्निअर लावलेला, आकडा स्पष्ट दिसणारा फोटो मागवा. पार्टवर ओतलेला किंवा कोरलेला नंबरही मागवा. ‘सगळ्या गाड्यांना बसतो’ असं लिहिलेल्या वस्तूचं नेमकं माप विचारलं आणि उत्तर आलं नाही तर ती सोडून द्या. किंमत ठरवताना पार्टची किंमत, वाहतूक, दुसऱ्या देशातून येत असेल तर सीमाशुल्क, अडॅप्टर किंवा लेथचं काम आणि परत पाठवायची वेळ आली तर त्याचा खर्च, एवढं सगळं बेरजेत धरा. टाकी, सीट, मडगार्ड वजनाला हलके पण आकाराने मोठे असतात. कुरिअर कंपन्या अशा खोक्याचं भाडं आकारमानावरून लावतात, त्यामुळे स्वस्त टाकीची वाहतूक टाकीपेक्षा महाग पडू शकते.

इंजिन किंवा फ्रेमवरचा नंबर घासलेला दिसला, किंवा फ्रेमसोबत कागद नसले, तर तिथून निघा. चोरीचा पार्ट स्वस्त नसतो.

जुना पार्ट हातात आला की

पुढच्या शॉकअपचा पाइप जाड काचेवर ठेवून हळूहळू फिरवा. वाकलेला असेल तर पाइप आणि काच यांच्यामधली उजेडाची फट कमीजास्त होताना दिसते. क्रोमवर बोटाचं नख फिरवा. जिथे सील घासतो त्या पट्ट्यात गंजाचा खड्डा नखाला लागला तर नवीन सीलही थोड्याच दिवसांत गळणार. त्या पट्ट्याच्या वर, क्लॅम्पमध्ये झाकल्या जाणाऱ्या भागातले डाग चालतात.

मागच्या शॉकअपचं माप एका डोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्या डोळ्याच्या मध्यापर्यंत घेतात. मूळ मापापेक्षा लांब शॉकअप घातला की गाडी मागून उचलली जाते, हँडल जास्त चटकन वळतं, चेनचा कोन बदलतो आणि साइड स्टँडवर गाडी जास्त कलते. १० ते १५ मिलिमीटरपर्यंतचा बदल बहुतेक गाड्या सोसतात, त्यापुढे चेन स्विंगआर्मला घासते का ते गाडीवर माणूस बसवून तपासावं लागतं.

ब्रेक डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, जसं ‘मिन टीएच ४.०’. सगळ्यात घासल्या गेलेल्या जागी मायक्रोमीटरने मोजा. व्हर्निअरचे जबडे डिस्कच्या न घासलेल्या कडेवर टेकतात आणि जाडी खोटीच जास्त दाखवतात.

मास्टर सिलिंडर बदलताना बॉडीवरचा आकडा बघा: १/२, १४ किंवा ५/८. हा पिस्टनचा व्यास आहे. १४ मिलिमीटरच्या जागी ५/८ इंची, म्हणजे १५.९ मिलिमीटरचा बसवला तर पिस्टनचं क्षेत्रफळ जवळपास २९ टक्क्यांनी वाढतं. लिव्हर कडक लागतो आणि तेवढ्याच ब्रेकसाठी तेवढा जास्त जोर द्यावा लागतो. मोठा म्हणजे चांगला, असा समज करून घेऊन केलेला हा बदल फार सर्रास दिसतो आणि एकच कॅलिपर असलेल्या गाडीवर तो ब्रेक बिघडवतो. मूळ गाडीत जो व्यास होता तोच ठेवा, किंवा कॅलिपर ज्या गाडीचा आहे तिचा घ्या.

टाकी बघताना उजेड आत पाडून तळ बघा. पिवळसर पातळ गंज साफ करता येतो, खपल्या निघत असतील तर पत्रा खाल्लेला आहे. खालून फ्रेमचा पाइप जातो त्या खोबणीची रुंदी आणि खोली मोजा, कारण टाकी न बसण्याचं कारण जवळजवळ कायम तीच असते. साधा गंज काढायला एक लिटर गरम पाण्यात ५० ते १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड या प्रमाणात टाकी काठोकाठ भरून रात्रभर ठेवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळा, लगेच गरम हवेने वाळवा आणि आतून तेल फिरवा. वाळवायला उशीर केला तर तासाभरात नवा गंज चढतो. छिद्र वेल्डिंगने बुजवायचं असेल तर ते टाक्यांचं काम करणाऱ्याकडेच द्या. वर्षभर रिकामी असलेल्या टाकीतही पेट्रोलची वाफ उरते आणि ठिणगीने स्फोट होतो.

मिळत नसेल तर बनवून घ्या

खऱ्या अर्थाने एकमेव पार्ट इथून येतात, आणि वाटतं तेवढे महागही पडत नाहीत. हेडलाइटचं ब्रॅकेट, नंबरप्लेटचा पाटा, मीटरची प्लेट, सीटचा पत्रा हे सगळं लेझर कटिंगवाल्याकडे होतं. खर्च वाढतो तो पुन्हा पुन्हा करून घेण्याने. म्हणून आधी पुठ्ठा. जाड पुठ्ठ्यातून आकार कापा, गाडीवर टेपने चिकटवा, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, शॉकअप दाबून बघा. जमलं की पुठ्ठा पट्टीसोबत स्कॅनरवर ठेवून स्कॅन करा, म्हणजे चित्राचं माप बरोबर लावता येतं, आणि त्यावरून डीएक्सएफ फाइल, म्हणजे कटिंग मशीनला समजणारं रेखाचित्र, काढा. भोकं बोल्टच्या मापाची ठेवू नका. एम६ ला ६.६, एम८ ला ९, एम१० ला ११ मिलिमीटर ठेवलं तर हाताने जुळवायला जागा राहते. आतले कोपरे काटकोनी ठेवू नका, ३ ते ५ मिलिमीटरची गोलाई द्या. तडा नेहमी टोकदार कोपऱ्यातूनच सुरू होतो.

हलक्या वस्तूंसाठी ३ मिलिमीटरचा माइल्ड स्टीलचा पत्रा पुरतो. ॲल्युमिनियम सुंदर दिसतं, पण एकसिलिंडर इंजिनाच्या थरथरीने त्याला थकवा लवकर येतो, म्हणून जाडी वाढवा, साधारण ५ मिलिमीटर घ्या, आणि जोडणीत रबरी बुश टाका. लेथवर करायच्या स्पेसरना ६०६१-टी६ या प्रकारचं ॲल्युमिनियम उत्तम. ७०७५ जास्त मजबूत आहे पण त्यावर वेल्डिंग करायचं नाही, सांध्याजवळ तडे जातात.

थ्रीडी प्रिंटचा उपयोग जाणून करा. पीएलए हे प्रिंटिंगचं सर्वसाधारण प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि उन्हात उभ्या काळ्या गाडीवर एवढं तापमान सहज येतं. आकार जमतो का हे बघायला पीएलए वापरा, गाडीवर राहणाऱ्या कव्हरसाठी एएसए हे ऊन सोसणारं प्लॅस्टिक घ्या, आणि कुठलाही ताण सोसणारा पार्ट प्रिंट करू नका.

रंग आणि मुलामा देताना दोन गोष्टी बिघडतात. पावडर कोटिंगचा थर प्रत्येक बाजूला ६० ते १०० मायक्रॉन चढतो. बेअरिंगची जागा, आटे, डिस्क बसते तो सपाट भाग झाकायला सांगितलं नाही तर काहीच नीट बसत नाही. भट्टीत तापमान १८० ते २०० अंशांपर्यंत जातं, म्हणून बेअरिंग, सील, रबर आधी काढा. जुनी फ्रेम आधीच कोट केलेली विकत घेताना सावध राहा, त्याखाली तडे लपतात. आणि उच्च ताकदीचे बोल्ट, ॲक्सल, स्प्रिंग शोभेसाठी क्रोम करू नका. मुलामा देताना पोलादात हायड्रोजन शिरतो, पोलाद ठिसूळ होतं आणि बोल्ट कसल्यावर काही तासांनीही तुटू शकतो.

चकचकीत स्टेनलेस बोल्टचा मोह सगळ्यांनाच होतो. मडगार्ड, कव्हर, नंबरप्लेटला खुशाल लावा, ॲल्युमिनियममध्ये बसवताना आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, नाहीतर काही वर्षांनी बोल्ट निघत नाही. पण ए२-७० स्टेनलेस सुमारे ४५० मेगापास्कलला कायमचं ताणलं जातं आणि ८.८ चा साधा काळा बोल्ट ६४० ला. कॅलिपर, हँडल क्लॅम्प, स्प्रॉकेट इथे बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९, जे मूळ गाडीत होतं तेच हवं.

दिवे

जुने इंडिकेटर काढून एलईडी बसवले की ते भराभर लुकलुकतात. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर १.७५ ॲम्पिअर घेतो, एलईडी त्याचा छोटासा अंश घेतो, आणि इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या जुन्या रिलेला वाटतं बल्ब गेला. याला दोन उपाय विकले जातात. १० ओहमचा रेझिस्टर प्रत्येक बाजूला लावला तर तो चालू असताना १४ वॅटच्या आसपास उष्णता टाकतो आणि प्लॅस्टिकला चिकटला तर ते वितळतं. लोडवर अवलंबून नसलेला रिले स्वस्तही आहे आणि थंडही राहतो, तोच घ्या. मूळ रिलेला दोन पिना आहेत की तीन, तेवढं बघून घ्या.

हेडलाइट बाहेरून मागवताना काचेवर वर्तुळातलं ई आणि त्याशेजारचा आकडा आहे का ते बघा, तो मान्यतेचा शिक्का आहे. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशासाठी बनलेला कारचा दिवा लावला तर त्याचा वर चढणारा झोत थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. सायलेन्सर, इंडिकेटरमधलं अंतर, नंबरप्लेटचा कोन यांचे नियम देशागणिक वेगळे आहेत. कापाकापी करण्याआधी ते वाचा, आणि काढलेला मूळ पार्ट तपासणी होईपर्यंत जपून ठेवा.

सायलेन्सर जोडायच्या ठिकाणी पाइपचा बाहेरचा व्यास मोजा. ३८, ४५, ५१, ६० मिलिमीटर ही नेहमी दिसणारी मापं आहेत. एक-दोन मिलिमीटरचा फरक रिंगने भरून निघतो. कार्ब्युरेटरच्या गाडीवर मोकळा सायलेन्सर लावल्यानंतर मिश्रण पातळ होतं, थ्रॉटल सोडल्यावर फटाके फुटतात आणि इंजिन तापतं. तेव्हा जेट (पेट्रोल किती जायचं ते ठरवणारं बारीक छिद्राचं नळकांडं) बदलावा लागतो, आणि तो कार्ब्युरेटरच्या कंपनीचाच घ्यावा, कारण मिकुनी आणि केहिनच्या जेटवरचा सारखा आकडा सारखं पेट्रोल देत नाही.

बसवल्यावर

गाडी स्टँडवर ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत इंजिन चालू ठेवून फिरवा. आरपीएम हलता कामा नये आणि कुठलीही वायर, होज ताणता कामा नये. पुढचा ब्रेक पूर्ण दाबून शॉकअप दाबा आणि चाक मडगार्डला किंवा हेडलाइटच्या ब्रॅकेटला लागतं का ते बघा. चाकाजवळ केबल टाय बांधून त्याचं टोक रिमला जवळजवळ टेकेल असं ठेवा आणि चाक फिरवा, रिम वाकडी असेल तर लगेच दिसतं. प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच कसणाऱ्या पान्याने) कसल्यावर डोक्यापासून पार्टपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढा. पहिल्या ५० आणि २०० किलोमीटरनंतर त्या रेघा तपासा. रेघ तुटलेली दिसली तर तो बोल्ट सरकला आहे. नुसता पुन्हा कसू नका, आधी तो का सरकला ते शोधा: खाली रंगाचा थर दबला असेल, वॉशर वाकला असेल, नाहीतर भोक मोठं झालं असेल. आणि वहीत प्रत्येक पार्टसमोर तो कोणत्या गाडीचा, कोणत्या नंबरचा, त्यात कोणतं बेअरिंग आणि कोणता सील, हे लिहून ठेवा. दोन वर्षांनी पॅड किंवा सील संपतील तेव्हा दुकानात तुमच्या गाडीचं नाव सांगून काहीच मिळणार नाही, वहीतला नंबर दाखवूनच मिळेल.